कागदी क्विल्टमागची गोष्ट

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत एक उपक्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. घरातल्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्टची गोष्ट वाचायची, प्रत्येक मुलाला कागदाचा एक चौकोन द्यायचा, त्यावर आपल्या घरातली एखादी आठवण रंगवून घ्यायची आणि सगळे चौकोन जोडून भिंतीवर लावायचे. क्विल्ट ही आपल्या गोधडीची लांबची बहीण. तुकडे जोडून केलेला वरचा थर, खाली अस्तर, मध्ये कापूस आणि तिन्हींतून धावदोरा.

या उपक्रमाला खतपाणी घातलं ते काही मोजक्या चित्रपुस्तकांनी. 1985 साली व्हॅलरी फ्लर्नॉय यांचं ‘द पॅचवर्क क्विल्ट’ आलं. त्यात आजी आजारी पडते आणि तिची अर्धवट राहिलेली क्विल्ट आई आणि नात पुढे नेतात. 1988 मध्ये पॅट्रिशिया पोलाको यांचं ‘द कीपिंग क्विल्ट’ आलं. रशियातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू मुलीचा झगा तिला आखूड होतो, त्याची क्विल्ट होते. तीच पुढे सणाच्या जेवणाला टेबलावर अंथरतात, लग्नात मांडव म्हणून डोक्यावर धरतात, बाळाला तिच्यातच गुंडाळतात. चित्रं कृष्णधवल, रंग दिसतो तो मुख्यतः क्विल्टला. मुलांना वेगळं काही समजावावंच लागत नाही.

गणिताचे शिक्षकही यात लगेच शिरले. तीन गुणिले तीनचा, नऊ तुकड्यांचा चौकोन घेतला की अपूर्णांक, सममिती, क्षेत्रफळ सगळं एका कागदावर मांडता येतं.

घोळ झाला तो इतिहासाच्या तासाला. 1993 मध्ये डेबोरा हॉपकिन्सन यांच्या ‘स्वीट क्लारा अँड द फ्रीडम क्विल्ट’मध्ये गुलाम मुलगी पळून जाण्याच्या वाटेचा नकाशाच क्विल्टमध्ये शिवते. ही कल्पित गोष्ट, आणि गोष्ट म्हणून छानच. पण 1999 मध्ये ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ या पुस्तकाने क्विल्टच्या नमुन्यांत पळणाऱ्या गुलामांसाठी सांकेतिक खुणा असत असा दावा केला. त्याचा मुख्य आधार होता दक्षिण कॅरोलिनात क्विल्ट विकणाऱ्या एका बाईने सांगितलेली घरातली आठवण. 1930 च्या दशकात पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या. या संकेतांना त्यांतून दुजोरा मिळत नाही, आणि बहुतेक इतिहासकार हा दावा मानत नाहीत. वर्गांत मात्र ‘सांकेतिक क्विल्ट रंगवा’ हा धडा रुळला तो रुळलाच. माझ्या मते गोष्ट गोष्ट म्हणूनच शिकवली असती, तर काही बिघडलं नसतं.

शिवाय गुलामगिरीतून आलेल्या बाईने क्विल्टमधून गोष्टी सांगितल्याचं, पुरावा असलेलं उदाहरण हाताशी होतंच. हॅरिएट पॉवर्स 1837 मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात त्यांची बायबलमधल्या प्रसंगांची क्विल्ट मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती हवी होती, पण पॉवर्सबाई विकायला तयार नव्हत्या. पुढे दिवस वाईट आले तेव्हा त्यांनी दहा डॉलर सांगितले आणि शेवटी पाचांवर ती दिली. देताना त्यांनी एकेका चौकोनाचा अर्थ सांगितला, तो स्मिथबाईंनी लिहून ठेवला. नंतरही त्या आपली क्विल्ट बघायला त्यांच्या घरी येत राहिल्या. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यांची दुसरी क्विल्ट बोस्टनच्या संग्रहालयात आहे, पंधरा चौकोनांची. तिच्यात बायबलच्या जोडीला प्रत्यक्ष घडलेलेही प्रसंग आहेत. एका चौकोनात 13 नोव्हेंबर 1833 च्या रात्रीचा उल्कांचा पाऊस आहे. तेव्हा पॉवर्सबाईंचा जन्मही झालेला नव्हता. तो त्यांनी ऐकला असणार तो थोरल्यांच्या तोंडूनच.