नवजात मेंदूज्वरातील मेंदूदाह

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जिवाणू मेंदूच्या आवरणांत आणि तिथल्या पाण्यात शिरले, की जो आजार होतो त्याला नवजात मेंदूज्वर म्हणतात. वैद्यकीय मराठीत मस्तिष्कावरणशोथ असा शब्द आहे. बोलण्यात मेंदूज्वरच चालतो. हा शब्द मात्र दोन प्रकारे फसवतो. जपानी मेंदूज्वर हा विषाणूचा, वेगळाच आजारही याच नावाने ओळखला जातो. आणि नवजात बाळाला ज्वर असेलच असे नाही. कमी दिवसांच्या बाळाचे तर पुष्कळदा अंग गार पडते.

पाश्चात्त्य देशांत या आजाराचे मुख्य जिवाणू म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय. भारतातल्या नवजात कक्षांत क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर यांचाही मोठा वाटा असतो. यांपैकी ई. कोलायच्या वाटचालीचा अभ्यास बराच खोलवर झालेला असल्याने पुढचे वर्णन मुख्यतः त्याचे आहे. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये हा जिवाणू प्रथम वर्णिला तोही तान्ह्या बाळांच्या शीतून. एरवी तो आतड्यात निमूट राहतो. मेंदूज्वर घडवणाऱ्या ई. कोलायपैकी सुमारे ८० टक्के जिवाणूंवर के-१ नावाचे कवच असते आणि खरी मेख तिथेच आहे. हे कवच पॉलिसायलिक आम्लाच्या साखळ्यांचे बनलेले असते. नेमक्या तशाच साखळ्या वाढत्या मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावरही असतात. त्यामुळे शरीर या जिवाणूला परका म्हणून सहज ओळखत नाही. कवचाविरुद्धची प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत. आईकडून वारेतून मिळालेला प्रतिपिंडांचा साठाही, विशेषतः मुदतीआधी जन्मलेल्या बाळाकडे, तुटपुंजा असतो.

रक्तात शिरलेला प्रत्येक जिवाणू मेंदूपर्यंत पोचत नाही. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली, की मेंदूज्वराचा धोका एकदम वाढतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांचे अस्तर घट्ट विणीचे असते. ई. कोलाय ही वीण उसवत बसत नाही. तो आपल्या तंतूंनी आणि ओम्प-ए या प्रथिनाने अस्तराच्या पेशीला चिकटतो, तिच्या आतला सांगाडा हलवायला लावतो आणि पेशीच त्याला पोटात घेते. आत पाचक पिशवीशी गाठ पडू नये याची काळजी के-१ कवच घेते. मग तो पलीकडच्या बाजूने जिवंत बाहेर पडतो. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसची रीत अधिक धसमुसळी: तोही चिकटून आत शिरतो, पण त्याचे विष पेशींना भोकेही पाडते.

मेंदूच्या पाण्यात प्रतिपिंडे आणि जिवाणू मारायला मदत करणारी पूरक प्रथिने अगदी कमी असतात. जिवाणूंना इथे मोकळे रान मिळते. उशिरा का होईना, धोक्याची घंटा वाजते ती ई. कोलायच्या बाह्य आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड या रेणूमुळे. ते टीएलआर-४ या ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या जंतू ओळखणाऱ्या रेणूला, भिडते. स्ट्रेप्टोकोकसचे लिपोप्रथिन टीएलआर-२ ला. दोन्ही वाटा पेशीतल्या एनएफ-कप्पा-बी या कळीपाशी पोचतात आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या पहारेकरी पेशी व अस्तराच्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ हे दाहकारक रेणू ओतू लागतात. इंटरल्युकिन-८ च्या हाकेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची रीघ लागते. जिवाणू मारायला आलेल्या या पेशींची विकरे आणि ऑक्सिजनचे तिखट रेणू आसपासच्या ऊतींनाही सोडत नाहीत. जिवाणूने शाबूत ठेवलेली वीण आता शरीरच उसवते. प्रथिने आणि पाणी झिरपून मेंदू सुजतो, दाह झालेल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, ग्लुटामेट या चेतासंदेश वाहणाऱ्या रसायनाच्या अतिरेकाने चेतापेशी मरतात. मेंदूच्या पोकळ्यांत पू साचून वाट तुंबली, तर पाणी साठून डोके मोठे होऊ लागते.

हे सगळे एका छोट्या नळीत दिसते. मेंदूचे हेच पाणी पाठीच्या कण्यातही उतरते; सुईने हे पाठीतले पाणी काढताना निरोगी बाळाचे थेंब नितळ पडतात. दाह भडकलेला असेल, तर ते तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके दिसू शकतात. त्यात पांढऱ्या पेशी आणि प्रथिने वाढलेली, साखर घटलेली असते.

प्रतिजैविकाने जिवाणू मेला, की दाह लगेच शमतो असेही नाही. फुटलेल्या जिवाणूंमधून लिपोपॉलिसॅकराइडचा नवा लोंढा सुटतो. मोठ्या मुलांत काही प्रकारच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन दाह आवरतात. नवजातांत त्याचा नेहमीचा वापर केला जात नाही. प्रतिजैविकांचा काळही लांब असतो: ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसला साधारण १४ दिवस, ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना किमान २१.

आजार ओळखणे कठीण, कारण मान आखडणे हे पाठ्यपुस्तकी लक्षण इथे क्वचितच दिसते. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते किंवा उचलून घेतले तरी किरकिरते, श्वास मध्येच थांबतो, झटके येतात. रोज तेलाने टाळू भरणाऱ्या आजीच्या तळहाताला टाळू टणक, वर आलेली लागू शकते. पण तोवर बराच उशीर झालेला असतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना दूध न ओढण्यासारख्या साध्या खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यात मेंदूज्वर वेगळा काढून मोजलेला नव्हता. घराच्या ओसरीवर पाठीतले पाणी काढता येत नाही, आणि संसर्ग रक्तातच अडवला तर त्याची गरजही पडत नाही.

वाचलेल्या बाळांपैकी पाचातल्या एकाला, काही पाहण्यांत निम्म्यांनाही, मागे काही ना काही उरते: झटके, स्नायूंचा ताठरपणा, शिकण्यातली मंदगती, बहिरेपणा. बहिरेपणा घरच्यांच्या ध्यानात यायला वर्षही लागू शकते, म्हणून बाळाला घरी सोडण्याच्या सुमारास आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे पाहणारी कानांची ‘बेरा’ तपासणी करतात आणि पुढेही डोक्याचा घेर टेपने मोजत राहतात.