कॅमेरा घेऊन केनियाला निघताना
(ऑगस्टच्या मसाई मारा – अंबोसेली सहलीतील ग्राहकांसाठी)

सहलीत नाव नोंदवल्याबद्दल आभार. कपडे, औषधे यांची यादी तुम्हाला वेगळी पाठवली आहे. हे पत्रक फक्त फोटोंबद्दल आहे. आम्ही काही गोष्टी ठरावीक पद्धतीने का करतो, तेही यात सांगितले आहे. एकदा गाडीत बसल्यावर त्यावरून वाद नकोत.

ताडोबाची सवय थोडी बाजूला

आमच्याबरोबर येणारे बहुतेकजण ताडोबा, पेंच करून आलेले असतात. बांबूच्या फटीतून वाघ क्षणभर दिसतो, तेवढ्यात टिपायचा आणि होईल तितका मोठा टिपायचा, असा हात बसलेला असतो. मारा म्हणजे उघडा माळ. सिंह दिसला की तासभर समोरच असतो, आणि त्यातला बराच वेळ झोपलेला! पहिल्या दिवशी सगळे नुसते चेहरे काढतात. घरी येऊन पाहावे, तर हा सिंह माराचा की गीरचा, हे फोटोवरून कळत नाही.

तेव्हा प्राण्याबरोबर त्याचा मुलूखही घ्या. वाऱ्याने झुकलेले गवत, मागे चढत आलेला पाऊस, माळावर एकटे उभे असलेले झाड. ही झाडे सगळ्यांना बाभळी वाटतात, पण त्यांतली बरीच हिंगणबेटाची असतात, आपल्याकडच्या हिंगणबेटाची सख्खी भावंडे. १००-४०० मिमीची (लांबचे जवळ आणणारी) लेन्स इथे भरपूर झाली. ६०० असेल तर आणा, पण ती आणण्यासाठी मोठा देखावा टिपणारी २४-७० घरी ठेवू नका. ताडोबात बाहेर ठेवावा लागणारा मोबाइल इथे खुशाल वापरा, फक्त आवाज बंद ठेवून.

पहाटे का उठवतो

मारा विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे. बाराही महिने सूर्य सकाळी साडेसहाच्या आसपास उगवतो, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि मधल्या वेळात जवळजवळ सरळ डोक्यावर चढतो. कोवळे ऊन तासाभरात संपते. म्हणून आपण सहाला निघतो आणि नाश्ता डब्यातून नेतो. त्यावर दरवेळी कुरकूर होते, पण वेळ बदलत नाही. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि पहाटे छप्पर उघडलेल्या गाडीत गारठायला होते. जर्किन वरच्या बॅगेतच ठेवा.

नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते आणि हवा थरथरू लागते. तेव्हा दोनशे मीटरवरच्या चित्त्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी मऊच, म्हणजे धूसरच येणार. त्यात लेन्सचा दोष नाही, परत आल्यावर ती दुरुस्तीला टाकू नका. त्या वेळेला ढग, माळ, रांगेने चाललेल्या झेब्र्यांचे कृष्णधवल फोटो काढावेत, किंवा सरळ तंबूत जाऊन झोपावे.

नदी ओलांडणारे कळप

बहुतेकांना फोन करताना हाच फोटो हवा असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. टांझानियातले सेरेंगेटी आणि मारा यांच्यात तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट (गायीसारखी दिसणारी मोठी हरणे) फिरत असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर त्यांतले बरेच मारा नदीच्या काठी असतात. ते कधी उतरतील, हे कोणीच सांगू शकत नाही. कळप काठावर तीन-तीन तास धूळ उडवत उभा राहतो आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळा मागे फिरतो. ‘क्रॉसिंग नक्की दाखवू’ असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी घ्या. आम्ही लिहून देत नाही.

कळप उतरलाच, तर गर्दीत भिरभिरत प्राणी शोधू नका. ते जिथून पाण्यात उडी घेतात किंवा पलीकडे वर चढतात, त्या एका जागेवर फोकस ठेवा आणि तिथे कोण येते याची वाट पाहा. उडी गोठवायची तर शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवा. तसे पाच-सहा चांगले फोटो मिळाले की धाडस करून १/३० वर या आणि कळपाबरोबर कॅमेरा फिरवा. दहातले नऊ वाया जातील, पण दहावा तुम्ही भिंतीवर लावाल.

आपली गाडी काठाला अगदी चिकटून लागणार नाही. चढायची वाट गाड्यांनी अडवली की कळप बुजतो, आणि कधी वाईट जागेवरून चढायला जातो.

चालकाला ‘अजून जवळ’ म्हणू नका

बिबट्या, सिंह, चित्ता यांच्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, असा माराचा नियम आहे. सहावी गाडी आपली असेल तर आपण लांब थांबू. चालकाच्या हातात नोट ठेवून रस्ता सोडायला लावणे आमच्या सहलीत चालत नाही. पकडला गेला तर दंड आणि बंदी त्याच्या नशिबी येते, तुमच्या नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्ले मोठी होत होती. जास्त वर्दळीच्या भागात हा आकडा ०.२ होता. शिकार करणाऱ्या चित्त्याच्या पुढ्यात गाडी घातली की त्याचे सावज सुटते आणि पिल्ले उपाशी राहतात. एवढे समजल्यावर तो फोटो आम्हाला तरी काढवत नाही.

अंबोसेली

किलिमांजारो (५,८९५ मीटर) टांझानियात असला तरी त्याचा देखणा चेहरा अंबोसेलीतून दिसतो, तोही बहुधा पहाटे. मग ढग त्याला झाकतात. सकाळी हत्ती दलदलीकडे निघतात, तेव्हा हत्ती आणि पर्वत एकत्र घ्यायचे असतील तर जवळ जाऊ नका. मागे सरका आणि लांबची लेन्स लावा. हत्ती चौकटीत तेवढाच राहतो, मागचा पर्वत मात्र मोठा होतो.

माणसांचे फोटो

मसाई वस्तीत आपण ठरलेली रक्कम देऊन जातो. ती वस्तीच्या प्रमुखाकडे जाते आणि तिथले फोटो त्यात येतात. वाटेवर भेटलेला गुराखी त्यात येत नाही. त्याला कॅमेरा दाखवून ‘पिचा?’ (फोटो काढू?) विचारा. ‘हपाना’ (नाही) म्हणाला तर कॅमेरा खाली. मुलांचा फोटो त्यांच्या आईला विचारून. चॉकलेटे वाटू नका, गाड्यांमागे धावायची सवय त्यातूनच लागते. तुम्ही काढलेल्या फोटोंचे छापील प्रिंट आमच्याकडे दिलेत, तर पुढच्या सहलीबरोबर ते वस्तीत पोहोचवू.

तांत्रिक भाग एवढाच: मागे पांढरे आकाश असेल तर कॅमेरा सावळा चेहरा पार काळा करून टाकतो. उजेड चेहऱ्यावर मोजा, किंवा एक्स्पोजर +१ करा, म्हणजे फोटो एक पायरी उजळ येतो. त्याहून सोपे म्हणजे माणसाला घराच्या दारातल्या सावलीत उभे राहायची विनंती करा. तिथे डोळे उजळतात आणि लाल शुकाचा (मसाई अंगाभोवती गुंडाळतात त्या कापडाचा) रंगही खरा येतो.

नैरोबीत पोलीस, लष्कर, विमानतळ, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा.

निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रात, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. तिचा दाखला परतताना भारतातच मागतात. कॅमेरे, लेन्स महाग असतील तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना ‘हे तिकडे घेतले का’ हा प्रश्न उरत नाही. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा लेन्स कॅरीबॅगमध्ये गुंडाळू नका. जुना सुती पंचा घ्या, धुळीसाठी त्यासारखे काही नाही. आपले गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडाप्टर लागतो. ट्रायपॉड गाडीत अडचणच करतो. त्याऐवजी चेन असलेली रिकामी कापडी पिशवी आणा, नैरोबीत तांदूळ भरून देऊ. छपराच्या कडेवर ठेवली की लेन्स हलत नाही. कॅमेऱ्यातले घड्याळ अडीच तास मागे करायला विसरू नका.

सहलीच्या दोन आठवडे आधी, रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात सगळ्यांची बैठक आहे. येताना कॅमेरा आणि त्याचे चार्जर घेऊन या. कॅमेरा नवा घेतला असेल, तर खोक्यातून बाहेर काढून आणा.