टॅबला घाम येत नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की भाची लालबागला आमच्याकडे येते. परवा दुपारी गोधडीवर पालथी पडून टॅबवर गेम खेळत होती, चार्जरची वायर लावलेलीच. थोड्या वेळानं हाक आली, "मामा, हा हँग होतोय." हातात घेतला तर कॅमेऱ्याजवळचा कोपरा चटका देत होता, बाकीची पाठ नुसती कोमट. स्क्रीन आपोआप मंद झाली होती, चार्जिंगही थांबलं होतं. "बिघडला का रे?" तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, नाही, तो स्वतःला सांभाळतोय.

टॅबमध्ये जी वीज खर्च होते, तिचा थोडा भाग प्रकाश होऊन स्क्रीनमधून बाहेर पडतो. उरलेली जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. दहा इंची टॅबच्या बॅटरीत साधारण ३० वॉट-तास ऊर्जा मावते. नुसतं वाचत बसलं तर ती दहा तास पुरते, म्हणजे ३ वॉटचा खर्च. जड गेम लावला आणि तीच बॅटरी तीन तासांत संपली, तर १० वॉट. रात्री लावायचो तो जुना लाल-निळा झिरोचा बल्ब आठवा. नावाला झिरो, पण खायचा १२ ते १५ वॉट, आणि तासाभरानं त्याला बोट लावायची सोय नसायची. जवळपास तेवढीच धग टॅबच्या पोटात, नखाएवढ्या चिपभोवती गोळा होते. म्हणून तो एकच कोपरा भाजत होता.

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच, असतात आणि ते सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होतात. दर वेळी थोडी थोडी ऊर्जा खर्च होते. शिवाय बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही किंचित विद्युतप्रवाह झिरपत राहतो, आणि चिप जितकी तापेल तितकी ही गळती वाढते. गळतीनं उष्णता, उष्णतेनं आणखी गळती. हे चक्र तोडायला टॅब स्वतःच चिपचा वेग आणि व्होल्टेज कमी करतो. भाचीला तेच हँग झाल्यासारखं वाटलं.

लॅपटॉपमध्ये बहुधा पंखा असतो, टॅबमध्ये नसतो. त्याची उष्णता पाठीतून आणि काचेतून हवेत जाते, तेवढाच रस्ता. किती वेगानं जाते, हे मुख्यतः पाठीच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाठ ४५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक २० अंशांचा. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली खोली ३५ वर गेली की फरक १० उरतो. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता साधारण निम्म्यावर आली. ॲपलनं आयपॅड वापरण्यासाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगितली आहे, ती उगाच नाही.

मुंबईची हवा दमट म्हणून टॅब जास्त तापतो, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय. ते बरोबर नाही. दमट हवेत आपला जीव कासावीस होतो कारण घाम वाळत नाही, आणि घाम वाळताना शरीरातली जी उष्णता घेऊन जातो ती आतच राहते. टॅबला घामच येत नाही. त्याला हवा किती गरम आहे आणि ती हलते आहे का, एवढ्याशीच मतलब.

उन्हाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. टॅबच्या काचेच्या वाट्याला त्यातले ४० वॉट येतात. काळी स्क्रीन त्यातले बरेचसे शोषून घेते. टॅब स्वतः जेवढी उष्णता तयार करतो, त्याच्या हे कितीतरी पट. त्यात ऊन पाहून स्क्रीन आपोआप प्रखर होते, तो खर्च वेगळाच. लोकलच्या खिडकीपाशी किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टॅब कधीही ठेवू नका.

चार्जिंगचं गणितही समजून घ्यावं. बॅटरीला अंगचा रोध असतो, म्हणजे ती विद्युतप्रवाहाला थोडी अडवते. विद्युतप्रवाह दुप्पट केला की त्या रोधातून निघणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे फास्ट चार्जिंग आणि गेम एकाच वेळी म्हणजे एका चुलीवर दुसरी चूल. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता फार बाधते, विशेषतः पूर्ण भरलेली असताना. आतलं रसायन हळूहळू विघटित होतं, कधी त्यातून वायू तयार होऊन बॅटरी फुगते. स्क्रीन कडेनं उचललेली दिसली तर टॅब बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

तापलेला टॅब फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर आपल्याकडे कसं क्षणात पाणी जमतं, ते बघा. तेच पाणी टॅबच्या आतही जमतं. दमटपणाची भीती बाळगायची असेल तर ती इथे.

आम्ही वायर काढली, जाड रबरी कव्हर काढलं, टॅब पाठीवर लादीवर ठेवला आणि पंखा सुरू केला. गोधडीतल्या कापसात हवा अडकलेली असते, ती उष्णता जाऊ देत नाही. लादीचा दगड ती ओढून घेतो. लहानपणी आम्ही मे महिन्यात चटई सारून लादीवर का लोळायचो, तेही यामुळेच. पंधरा मिनिटांत कोपरा हाताला गार लागला. मग तासभर टॅब नुसता चार्ज होऊ दिला. भाचीनं पुन्हा गेम लावला तो वायर काढून, गोधडी बाजूला सारून, लादीवरच पालथी पडून.