हार्ड डिस्क फॉरमॅट करणे व ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकणे

संगणकाच्या डिस्कवरची फाइल सिस्टिम नव्याने आखून तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोरी बसवण्याची क्रिया. बोलताना ‘फॉरमॅट मारला’ म्हणतात तेव्हा बहुधा ही दोन्ही कामे अभिप्रेत असतात. संगणक सुरूच होईनासा झाला, व्हायरस जाता जाईना किंवा यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचे असले, की हा मार्ग धरतात. नुसता संथ चालतो म्हणून फॉरमॅटची घाई करू नये. डिस्क खराब होत आली असेल किंवा रॅम कमी पडत असेल, तर ते दुखणे फॉरमॅटनंतरही राहते.

फॉरमॅट म्हणजे सगळे पुसले गेले, हा समज अर्धाच खरा आहे. डिस्कवरची जागा ५१२ किंवा ४,०९६ बाइटच्या सेक्टरांत कारखान्यातच विभागलेली असते. आपण फॉरमॅट करतो तेव्हा तिच्यावर फाइल सिस्टिम आखली जाते : विंडोजमध्ये एनटीएफएस, लिनक्समध्ये बहुधा एक्स्ट४, मॅकवर २०१७ पासून एपीएफएस. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे, याची नोंद ती ठेवते. क्विक फॉरमॅटमध्ये ही नोंदवही कोरी होते. फाइलींतला मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी असतो. म्हणून चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरचे फोटो फोटोरेकसारख्या प्रोग्रामने बरेचदा परत मिळतात, पण त्यासाठी त्या क्षणापासून डिस्कवर काहीही लिहिणे थांबवावे लागते. फुल फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिली जातात. एक्सपीपर्यंत फक्त खराब सेक्टर शोधले जात. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) आशा फार थोडी, कारण फॉरमॅट होताच विंडोज ‘या जागा आता नकोत’ असा ट्रिमचा आदेश पाठवते आणि डिस्क त्या जागा आतून रिकाम्या करू लागते.

बॅकअप घेताना डी ड्राइव्ह आठवतो आणि डेस्कटॉप राहून जातो. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड, बाहेरून टाकलेले फॉण्ट हे सारे सी ड्राइव्हवर असते. डी ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) लावलेले असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. नवे विंडोज ती किंवा ड्राइव्हचा पासवर्ड मागते आणि त्यावाचून आतले काही उघडत नाही.

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल (संगणक ज्यावरून सुरू होऊ शकतो असा) करून त्यावरून संगणक सुरू करतात. त्यानंतर विंडोज कुठे टाकायचे हे विचारणारा स्क्रीन येतो, आणि भरून न निघणारे नुकसान बहुधा इथेच होते. ओळखीची सी, डी ही अक्षरे तिथे नसतात. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ अशा ओळी (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग), समोर आकार, आणि पूर्वी दिले असेल तर नाव, एवढ्यावरून निवड करायची असते. सारख्या आकाराच्या दोन डिस्क असल्या, तर जाणकाराचाही हात चुकतो. प्रत्येक पार्टिशनचा आकार आधी टिपून ठेवावा आणि दुसऱ्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवावी. त्या दोन मिनिटांत कुणाची वर्षानुवर्षांची कागदपत्रे बचावतात.

विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते. तीच आवृत्ती (होम, प्रो वगैरे) टाकली, तर प्रॉडक्ट की न देताही नेटला जोडताच ती ॲक्टिव्हेट होते. विंडोज ८ (२०१२) पासून पेनड्राइव्हविना रीसेट करण्याची, म्हणजे विंडोज आतूनच पुन्हा कोरे बसवण्याचीही सोय आहे.

काही लॅपटॉपांवर स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारा छोटा प्रोग्राम) दिल्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल, तर तो डाउनलोड करायला नेटही नसते. म्हणून हे दोन्ही ड्रायव्हर जुनी सिस्टिम चालू असतानाच त्याच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतात.