रिटेनर

तारा लावून सरळ केलेले दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन. घरात त्याला कुणी ‘प्लेट’ म्हणते, कुणी ‘कॅप’. नेरुळ, कामोठे, खारघर इथल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत आणि नवी मुंबईतल्या खाजगी दवाखान्यांत तारा काढतात त्याच सुमारास याचे माप घेतले जाते. दीड-दोन वर्षे तारा सोसलेल्या मुलाला त्या दिवशी सगळे संपल्यासारखे वाटते, आणि आईवडिलांनाही. निम्मे काम तिथून पुढे असते, हे त्यांना तारा लावतानाच सांगायला हवे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामधल्या बारीक तंतूंनी तो खोबणीत तोललेला असतो. तारेचा दाब पडतो त्या बाजूचे हाड झिजते, मागच्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. तारा निघाल्यावर मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात, पण हिरडीतल्या लवचीक तंतूंना वर्षभर किंवा त्याहून जास्त लागते. तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. पीळ पडलेला दात सरळ केला असेल, तर तो सर्वात लवकर परत फिरतो. शिवाय वयाबरोबर खालचे पटाशीचे दात दाटी करतातच, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही. याचा दोष अक्कलदाढेवर टाकायची पद्धत आहे. अभ्यासांतून तो सिद्ध झालेला नाही, आणि केवळ त्यासाठी दाढ काढणे योग्य नव्हे.

प्रकार मुख्यतः तीन. अॅक्रिलिकची प्लेट आणि पुढून तार, हा चार्ल्स हॉली या अमेरिकी दंतवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा जुना प्रकार. दुसरा पारदर्शक कॅपचा : प्लास्टिकची शीट तापवून दातांच्या साच्यावर ओढून बसवतात. तिसरा पक्का : खालच्या दातांमागे सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चिकटवलेली पीळदार बारीक तार. काढता येणारा रिटेनर बहुधा पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, नंतर रात्री लावायचा असतो. नेमके वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. ‘किती वर्षे?’ या प्रश्नाला आज बहुतेक ऑर्थोडोंटिस्टांचे (वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांचे) उत्तर एकच असते : दात सरळ हवेत तोवर.

पक्क्या तारेची जागा नेमकी अडचणीची. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात, त्यामुळे खालच्या दातांमागे किटण (टार्टर) भराभर साठते. ब्रश वरून फिरतो, तारेखाली जात नाही. त्यासाठी प्लास्टिकच्या मोठ्या नाक्याच्या सुईत फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ओवायचा, आरशासमोर तोंड उघडून तो तारेखालून काढायचा, आणि दाताच्या कडेला टेकवून हिरडीपर्यंत खालीवर न्यायचा. मग पुढची फट. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे जातात, पुढे तीन पुरतात. एखाद्या दातावरचा गोंद सुटला तर तार जागेवरच दिसते आणि तो दात गुपचूप सरकू लागतो. स्केलिंगला (किटण काढून घ्यायला) गेल्यावर तार तपासायला आवर्जून सांगावे.

कॅप गरम पाण्यात घातली की वाकडी होते. उन्हात उभ्या गाडीतही तेच. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. मऊ ब्रश, थोडा सौम्य लिक्विड साबण आणि साधे पाणी पुरेसे. चहा पिताना ती काढावी, आणि हळदीच्या जेवणाआधी तर नक्कीच.

सर्वाधिक कॅप हरवतात त्या जेवणाच्या टेबलावर. मिसळ समोर आली की कॅप काढून टिश्यूत गुंडाळली जाते, आणि टेबल पुसणारा मुलगा पाव-तर्रीच्या ताटल्यांबरोबर तो गोळाही उचलतो. डबी खिशात हवी. हरवल्यास त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. जुनी कॅप घट्ट लागली तर दात हलू लागले आहेत असे समजावे. बसतच नसेल तर जोर न लावता डॉक्टरांना दाखवावी.

शिक्षणासाठी पुण्याला हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलांची रात्रीची सवय पहिल्या सेमिस्टरलाच सुटते. जाण्याआधी दुसरी कॅप करून घ्यावी आणि दातांचा साचा किंवा स्कॅनची फाइल मागून घरी ठेवावी. दात सरकले नसतील तर त्यावरून पुन्हा माप न देता नवी कॅप निघते.