संक्रमणशील अर्थव्यवस्थांतील बचत

केंद्रीय नियोजनाकडून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या देशांतील कुटुंबे उत्पन्नाचा किती भाग, कोणत्या स्वरूपात व कशासाठी शिल्लक टाकीत आणि संक्रमणकाळात त्यात कोणते बदल झाले, याचा विचार या विषयात केला जातो. मध्य व पूर्व युरोपातील देश, पूर्वीच्या सोव्हिएत संघातील घटकराज्ये, चीन आणि व्हिएतनाम यांचा त्यात सामान्यतः समावेश होतो. युरोपात या कालखंडाचा आरंभ १९८९ पासून मानण्याचा प्रघात असला, तरी चीनच्या बाबतीत तो १९७८ च्या अखेरीपर्यंत मागे न्यावा लागतो.

नियोजनबद्ध व्यवस्थेत निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि शिक्षण यांचा भार शासनाकडे असे, घर बहुधा वाटपाने मिळे आणि शेअर वा जमीन खरेदी करण्याची सोय नसे. त्यामुळे बचतीची नेहमीची बरीच कारणे तेथे उरत नव्हती. कर्ज मात्र सहजी मिळत नसल्याने मोटार, दूरचित्रवाणी संच किंवा सहकारी गृहसंस्थेतील सदनिका यांसाठी पैसा आधी साठवावा लागे. सोव्हिएत संघात हा पैसा शासकीय बचतपेढीत जाई. तेथे साध्या ठेवीवर २ टक्के व मुदत ठेवीवर ३ टक्के व्याज दीर्घकाळ दिले जात होते. या ठेवींची एकूण रक्कम १९७० मध्ये ४६.६ अब्ज रूबल होती. ती १९८० मध्ये १५६.५ अब्ज व १९८५ मध्ये सु. २२० अब्ज रूबल झाली.

ही वाढ स्वेच्छेची की सक्तीची, हा या विषयातील सर्वांत गाजलेला वाद होय. एका मतानुसार दुकानांत माल नसल्यामुळे खर्च न होऊ शकलेला पैसा पेढीत साचत गेला; किमती शासनाने बांधून ठेवल्यामुळे जी भाववाढ दरफलकावर दिसत नव्हती, तीच पासबुकात दिसू लागली. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेले अर्थतज्ञ इगोर बिरमन यांनी हे मत आग्रहाने मांडले. उलट जॉइस पिकर्सगिल यांना १९७० च्या दशकातील अभ्यासात सोव्हिएत कुटुंबांची बचत उत्पन्नातील वाढीशी सुसंगत आढळली. रिचर्ड पोर्ट्‌स व डेव्हिड विंटर यांनीही पूर्व जर्मनी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी या देशांची आकडेवारी तपासून उपभोग्य वस्तूंची एकंदर मागणी पुरवठ्याहून सतत अधिक होती असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष १९८० मध्ये काढला. हंगेरीचे अर्थतज्ञ यानोश कोर्नाई यांची भूमिका या दोहोंहून वेगळी आहे. टंचाई खरी आणि जुनाट होती हे त्यांना मान्य होते; परंतु हवी ती वस्तू न मिळाल्यास ग्राहक पैसा राखून न ठेवता मिळेल ती दुसरी वस्तू घेतो, म्हणून टंचाईवरून थेट सक्तीच्या बचतीचे अनुमान काढता येत नाही, असे ते म्हणत. साधा हिशेबही सावधगिरी सुचवतो: १९७० मध्ये दरडोई ठेव सरासरी मासिक वेतनाच्या सु. दीडपट, तर १९८० मध्ये सु. साडेतीनपट होती. मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असलेल्या समाजात एवढी शिल्लक अवाजवी म्हणता येत नाही. १९८७ नंतरचे चित्र मात्र निराळे आहे. उद्योगांना वेतनाबाबत मिळालेली मोकळीक, मद्यविक्रीवरील निर्बंधांमुळे घटलेला महसूल व अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी छापलेले चलन यांमुळे लोकांच्या हाती खर्चास वाव नसलेला पैसा खरोखरच साचला, याविषयी आता फारसा मतभेद नाही. सक्तीच्या बचतीचा सिद्धान्त या अखेरच्या चार-पाच वर्षांपुरता स्वीकारणे अधिक सयुक्तिक ठरते.

या साठ्याची विल्हेवाट प्रत्येक देशाने आपापल्या परीने लावली. सोव्हिएत संघात त्याला पूर्वपीठिका होती: डिसेंबर १९४७ मधील चलनबदलात रोख रक्कम दहास एक या दराने बदलून देण्यात आली, तर बचतपेढीतील ३,००० रूबलपर्यंतच्या ठेवी जशाच्या तशा राखल्या गेल्या. पैसा घरी ठेवण्यापेक्षा पेढीत सुरक्षित राहतो, हा धडा तेव्हाच्या पिढीने घेतला आणि पुढे तोच तिच्या अंगाशी आला. २२ जानेवारी १९९१ रोजी रात्री पंतप्रधान व्हालेंतीन पावलोव्ह यांच्या शासनाने ५० व १०० रूबलच्या जुन्या नोटा रद्द झाल्याचे दूरचित्रवाणीवरून जाहीर केले. त्या बदलून घेण्यास तीन दिवसांची मुदत व सर्वसाधारणपणे माणशी १,००० रूबलची मर्यादा होती, तर पेढीतून महिन्याला ५०० रूबलच काढता येत होते. लांब पल्ल्याची रेल्वेतिकिटे काढून ती नंतर परत करणे, स्वतःच्याच नावे मनीऑर्डर पाठवणे, अशा युक्त्या लोकांनी त्याच रात्री योजल्याचे वर्णन आढळते. एप्रिलमध्ये किमती वाढवताना ठेवींवर ४० टक्के भरपाई जमा करण्यात आली, पण ती बव्हंशी गोठवलेली होती. २ जानेवारी १९९२ रोजी उपपंतप्रधान येगोर गायदार यांच्या धोरणानुसार रशियात किमती मुक्त झाल्या. त्या वर्षी भाव सु. २५ पटींहून अधिक चढले आणि मोटारीसाठी साठवलेल्या रकमेत किराणाही येईनासा झाला.

पूर्व जर्मनीत १ जुलै १९९० च्या चलनएकीकरणात ठेवीदाराच्या वयानुसार २,०००, ४,००० व ६,००० मार्कपर्यंतच्या ठेवी एकास एक या दराने आणि त्यावरील रक्कम दोनास एक या दराने बदलण्यात आली. संक्रमणातील ठेवीदारांना मिळालेली ही सर्वांत उदार वागणूक होय. अर्थात तिची किंमत पश्चिम जर्मनीने मोजली. पोलंडमध्ये डॉलरची खाती १९७० च्या दशकापासूनच प्रचलित असल्याने बऱ्याच कुटुंबांची बचत झ्लॉटीच्या घसरणीतून वाचली. ती वाचली नाही ती गृहबचत पुस्तिकांतील. आईवडील मुलाच्या लहानपणी अशी पुस्तिका काढून त्याच्या भावी सदनिकेसाठी तिच्यात हप्ते भरत. ऑक्टोबर १९९० पर्यंत निघालेल्या या पुस्तिकांवर शासन घर घेताना हमी-बोनस (घरांच्या वाढलेल्या किमतीची अंशतः भरपाई) देत आले आहे.

पेढीवरचा विश्वास उडाल्यावर बचत डॉलरच्या नोटांत, मालाच्या साठ्यात आणि दामदुप्पट योजनांत गेली. रूमानियातील ‘कारितास’ ही योजना तीन महिन्यांत आठपट रक्कम देण्याचे आश्वासन देई. रशियात १९९४ मध्ये सेर्गेई मावरोदी यांची ‘एमएमएम’ कोसळली. अल्बेनियात अशा योजनांची देणी १९९६ अखेर सु. १.२ अब्ज डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास निम्मी होती. लोकांनी घरे व गुरे विकून त्यांत पैसे गुंतवले होते. १९९७ च्या आरंभी त्या बुडाल्यावर उसळलेल्या बंडाळीत सु. २,००० माणसे मारली गेली.

चीनमध्ये ठेवी बुडाल्या नाहीत. बचतीचा दर सुधारणांपूर्वीच्या सु. ५ टक्क्यांवरून सतत चढत गेला. फ्रांको मोदिल्यानी व शी लॅरी काओ यांनी त्याचे श्रेय आर्थिक वाढीचा वेग आणि एक-मूल धोरणामुळे बदललेली लोकसंख्यारचना यांना दिले. मार्कोस शामोन व ईश्वर प्रसाद यांच्या मते शहरी कुटुंबांवर पडलेला घर, शिक्षण व आजारपण यांचा खर्च हे मुख्य कारण आहे. २००५ च्या सुमारास ही कुटुंबे खर्चयोग्य उत्पन्नाच्या सु. एक-चतुर्थांश रक्कम मागे टाकीत होती. तरुण व वृद्ध दोन्ही कुटुंबांची बचत मध्यमवयीनांहून अधिक असणे जीवनचक्र सिद्धान्तात, म्हणजे माणूस कमावत्या वयात साठवतो व म्हातारपणी ती शिल्लक खर्चतो या पहिल्या स्पष्टीकरणामागील गृहीतात, बसत नाही, त्यामुळे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते. मुलग्यांचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत लग्नाच्या स्पर्धेपायी बचत वाढते, असेही शांग-जिन वेई व शियाओबो झांग यांनी दाखवले आहे. व्हिएतनाममध्ये सोने हे बचतीचे प्रमुख साधन राहिले.

मोजणीची अडचण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. रशियाच्या अधिकृत ताळेबंदात परकीय चलनाची खरेदी बचत म्हणून धरली जाई. तुर्कस्तान वा चीनमधून पिशव्या भरून माल आणणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्यांनी घेतलेले डॉलरही त्यात येत असल्याने १९९० च्या दशकातील बचतीचा दर फुगलेला दिसतो. कुटुंब-पाहण्यांवर आधारलेले अंदाज बरेच कमी आहेत.

जुन्या ठेवींचा प्रश्न पुढे न्यायालये व कायदेमंडळे यांच्याकडे गेला. रशियाने मे १९९५ च्या कायद्याने २० जून १९९१ पूर्वीच्या ठेवींना अंतर्गत राष्ट्रीय ऋण म्हणून मान्यता दिली. मात्र पूर्ण फेड वारंवार लांबणीवर पडली आणि भरपाई वयोगटांनुसार तुकड्यातुकड्यांनी दिली गेली. खाजगी पेढ्यांतील नव्या ठेवींना विमासंरक्षण देणारा कायदा तेथे डिसेंबर २००३ मध्ये झाला. यूगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर स्लोव्हेनियातील ल्युब्ल्याना बँकेच्या सारायेव्हो (बॉस्निया) व झाग्रेब (क्रोएशिया) शाखांत अडकलेल्या परकीय चलनातील ठेवींसाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये स्लोव्हेनियाला जबाबदार धरले व एका वर्षात परतफेडीची व्यवस्था करण्याचा आदेश दिला.