वॉर्डाचे नैतिक वातावरण कसे मोजतात?

रुग्णालयात औषधाची चूक झाल्याची बातमी आली की बोट ड्यूटीवरच्या परिचारिकेकडे वळते आणि चर्चा निष्काळजीपणा व संस्कार यांवर येऊन थांबते. नीती फक्त माणसाच्या स्वभावात असते, हे त्यामागचे गृहीतक अर्ध्या शतकापूर्वीच तपासले गेले आहे.

अमेरिकेतील चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या २२ परिचारिकांना एका अनोळखी डॉक्टरने फोनवरून ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ हे औषध २० मिलिग्रॅम देण्यास सांगितले. डबीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम छापलेली होती, फोनवरचा आदेश नियमात बसत नव्हता आणि औषध मंजूर यादीत नव्हते. तरीही २१ जणी ते द्यायला निघाल्या, तेव्हा त्यांना अडवण्यात आले. औषध म्हणजे नुसते ग्लुकोज होते. हाच प्रसंग कागदावर मांडला, तेव्हा मात्र दुसऱ्या १२ परिचारिकांपैकी १० जणींनी आपण नकार देऊ असे सांगितले होते. पुढे १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी ओळखीचे औषध, म्हणजे व्हॅलियम, वापरले आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची मुभा ठेवली; त्या वेळी १८ पैकी फक्त दोघी जास्तीची मात्रा द्यायला तयार झाल्या. दोन वेगळ्या गटांची तुलना जपूनच करावी लागते, पण शेजारच्या सिस्टरला विचारता येणे ही संस्कारांची नव्हे, व्यवस्थेची बाब आहे.

या व्यवस्थेविषयी परिचारिकांना काय जाणवते, म्हणजेच वॉर्डाचे नैतिक वातावरण कसे आहे, ते मोजण्यासाठी परिचर्या-संशोधक लिंडा ओल्सन यांनी १९९८ साली २६ विधानांची प्रश्नावली तयार केली. सहकारी, रुग्ण, वरिष्ठ, डॉक्टर आणि रुग्णालय या पाच नात्यांविषयीच्या प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. मला यातला सर्वांत रंजक भाग गुणांच्या बेरजेनंतर सुरू होतो असे वाटते. एकाच वॉर्डातल्या परिचारिकांच्या गुणांत मोठा फरक असेल आणि त्या मानाने वॉर्डांच्या सरासरींत फारसा फरक नसेल, तर आपण वॉर्डाचे वातावरण नव्हे, व्यक्तींची मते मोजली. म्हणून वॉर्डांतर्गत विचरण (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) आणि वॉर्डा-वॉर्डांमधील विचरण यांचे गुणोत्तर तपासावे लागते. तेही पुरेसे नसते. इन्चार्ज सिस्टर पाच गुण देते आणि नाइट ड्यूटीवरची नवी मुलगी एक, तेव्हा सरासरी तीन येते, जी दोघींपैकी कोणाचाच अनुभव सांगत नाही. १२ मे रोजी परिचारिकांना ‘देवदूत’ म्हणणाऱ्या शुभेच्छांनी किंवा तणावमुक्तीच्या कार्यशाळांनी ही दरी बुजत नाही.

मग जाणिवा विचारण्याऐवजी नोंदलेल्या चुकाच का मोजू नयेत? संघटनांचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९६ साली दोन रुग्णालयांतील आठ विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्या विभागांचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले होते, तेथेच जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. तेथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या बोलून दाखवण्याची भीती कमी होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.